लिंबाचं झाड कुंडीत लावावं की जमिनीत?

चैत्र उजाडला की लिंबाचे भाव चढायला लागतात. 2022 च्या एप्रिलमध्ये तर किरकोळ बाजारात एकेका लिंबाला दहा रुपये आणि त्याहून जास्त मोजावे लागले. असं झालं की घरीच एक झाड लावून टाकू, हा विचार पुष्कळांच्या मनात येतो. पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो: लावायचं कुठे? अंगणात, की गच्चीवर कुंडीत?

माझं मत आधीच सांगतो. घर स्वतःचं असेल, भिंतीपासून आठ-दहा फूट लांब ऊन येणारी जागा असेल आणि जमिनीत पाणी मुरत असेल, तर जमिनीतच लावा. कुंडी दिसायला छान दिसते, पण जमिनीतलं झाड देतं तेवढी फळं ती कधीच देणार नाही. मात्र जमीन काळी, चिकण, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी असेल, तर चांगली भरलेली कुंडी वाईट जमिनीपेक्षा बरी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. दोन्हीकडची कामं वेगळी आहेत. जमिनीतल्या झाडाचं बरंचसं नशीब खड्डा भरतानाच ठरतं. कुंडीतल्या झाडाकडे दर आठवड्याला बघावं लागतं. ज्यांना दर मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जायचं असतं, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आधी झाड कोणतं ते ठरवा

लिंबूवर्गातलं प्रत्येक झाड कुंडीत जमत नाही. कागदी लिंबू कुंडीत सगळ्यात चांगलं जमतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'साई शरबती' आणि परभणीचे 'विक्रम' व 'प्रमालिनी' हे आपल्याकडचे माहितीतले वाण आहेत. यांतला कुठलाही मिळाला तरी घ्यावा. ईडलिंबू मोठ्या कुंडीत चालतं. नागपुरी संत्रा आणि मोसंबी ही जमिनीची झाडं. अर्ध्या ड्रममध्ये ती जगतात, चार-दोन फळंही देतात, पण त्यासाठी करावी लागणारी मेहनत पाहता मी कुणाला तसा सल्ला देणार नाही. पपनस तर सरळ जमिनीतच. त्याचा घेर मोठा होतो आणि एकेक फळ किलोभर वजनाचं असतं.

नर्सरीत आणखी एक झाड दिसेल: हातभर उंचीचं, छोट्या केशरी फळांनी लगडलेलं, गळ्यात 'संत्रा' अशी चिठ्ठी. ते बहुतेक वेळा चायना ऑरेंज असतं. फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं, चवीला चांगलंच आंबट. कुंडीत ते उत्तम वाढतं, सरबताला आणि लोणच्याला चालतं. फक्त सोलून खायच्या आशेने घेऊ नका.

रोप घेताना ते बियांचं आहे, गुटीचं (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं) आहे की डोळा बांधलेलं कलम (दुसऱ्या रोपावर हव्या झाडाचा डोळा बसवून केलेलं), हे विचारा. कागदी लिंबाचं बियांपासूनचं रोप बहुतेक वेळा आईसारखंच निघतं, कारण त्याच्या एका बीतून एकापेक्षा जास्त अंकुर येतात आणि त्यांतले बरेचसे मातृवृक्षाचीच नक्कल असतात. पण फळाला चार-पाच वर्षं लागतात. गुटीचं रोप दोन-तीन वर्षांत फळ धरतं, आकाराने आटोपशीर राहतं आणि म्हणून कुंडीला सोयीचं पडतं. त्याला सोटमूळ नसतं, त्यामुळे उघड्या, वाऱ्याच्या जागी जमिनीत लावलं तर पहिली दोन-तीन वर्षं काठीचा आधार द्यावा लागतो. संत्रा-मोसंबी घ्यायची तर डोळा बांधलेलं कलमच घ्या. खुंट, म्हणजे खालचं मुळांचं रोप, जंबेरीचा किंवा रंगपूर लाइमचा असतो. जमिनीत चुनखडी असेल आणि पाणी कमी असेल, तर रंगपूर जास्त तग धरतो.

कलम हातात घेऊन खोडाकडे नीट बघा. मातीपासून वीतभर वर खोडाला एक वळसा, हलकीशी गाठ दिसेल. तोच डोळ्याचा सांधा. सांधा मातीला टेकलेला असेल किंवा मातीत गाडलेला असेल तर ते कलम परत ठेवा. सांध्याखालून फुटलेली हिरवी, जाड काट्यांची फांदी दिसली तर ती खुंटाची. नर्सरीवाल्यासमोरच पिशवी थोडी दाबून बघा. आत मुळं गोल गुंडाळून दगडासारखी घट्ट झाली असतील, तर ते रोप तिथे फार दिवस पडून आहे.

जमिनीत लावताना

सगळ्यात आधी निचरा तपासा. दीड फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-सहा तासांत उतरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर तिथे सपाट जमिनीत झाड लावू नका. लिंबूवर्गाची अन्न घेणारी मुळं वरच्या दोन फुटांत पसरतात आणि त्यांना हवा लागते. पाणी साचलं की मूळकूज आणि खोडावर डिंक्या (साल कुजून डिंक गळण्याचा रोग) ठरलेला. अशा जागी चार-पाच फूट रुंद आणि दीड-दोन फूट उंच मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावा. विदर्भ-मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीत हा एवढा उंचवटा झाड वाचवतो. कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा: जांभ्याची माती निचऱ्याची असते, पण खाली कातळ लवकर लागतो आणि पावसात अन्नद्रव्यं धुऊन जातात. तिथेही उंचवटा करा आणि शेणखत सढळ हाताने घाला.

खड्डा उन्हाळ्यातच घ्या. बागेत तीन बाय तीन बाय तीन फुटांचा घेतात. मुरमाड, हलक्या जमिनीत तो मोठाच हवा. महिनाभर उघडा ठेवून उन्हात तापू द्या. भरताना वरची चांगली माती, तीन-चार घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट, दोन किलो निंबोळी पेंड. कच्चं शेण घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी त्यालाच येते. माती नंतर बसते, म्हणून खड्डा जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर भरा.

लावणी जून-जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, संध्याकाळी करा. पिशवी कापून मातीचा गोळा न फोडता ठेवा. पिशवीत तो ज्या उंचीला होता, त्याच उंचीला. सांधा जमिनीपासून निदान वीतभर वर राहिलाच पाहिजे. पुढच्या दहा वर्षांत माळी, पाहुणे, घरातली मंडळी, सगळेच प्रेमाने बुंध्याशी माती ओढत राहतील. त्यांना आवरा.

बागेत दोन झाडांत वीस फूट अंतर ठेवतात. अंगणात एकच झाड असेल तर त्याला सगळ्या बाजूंनी मिळून बारा-पंधरा फूट मिळाले की पुरतं. दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत लिंबाला पानं येतील, लिंबं येणार नाहीत.

आळं कसं करता यावर बरंच अवलंबून आहे. बुंध्याभोवती खळगा करून त्यात पाणी सोडायची सवय आपल्याकडे घरोघर आहे आणि ती लिंबूवर्गाला मारक आहे. ओलं खोड म्हणजे डिंक्याला आमंत्रण. दुहेरी आळं करा: बुंध्याजवळ फूट-दीड फुटाचा मातीचा चढ, त्याबाहेर पाण्याची गोल चारी आणि तिच्या बाहेर दुसरा वरंबा. पाणी चारीतच राहतं, बुंधा कोरडा. झाडाचा घेर वाढेल तशी चारी बाहेर सरकवत न्या, कारण कामाची मुळं फांद्यांच्या टोकांखाली असतात.

कुंडीत लावताना

पहिल्याच दिवशी मोठी कुंडी घेऊ नका. लहान रोपाभोवती जास्त माती असली की ती आठवडाभर ओली राहते आणि मुळं कुजतात. आधी बारा इंची, वर्ष-दीड वर्षाने अठरा इंची आणि शेवटी वीस ते चोवीस इंची, किंवा 200 लिटरच्या ड्रमचा अर्धा. तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं हवीत. भोकांवर खापरीचे तुकडे किंवा जाळीचा तुकडा ठेवा. खाली खडीचा जाड थर घालून काही साधत नाही, उलट मातीची जागा जाते.

गच्चीच्या वजनाचा विचार आधी करा. चोवीस इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज 120 किलोच्या पुढे जाते. लोकांच्या वापरातल्या गच्चीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला भार साधारण 150 किलो प्रति चौरस मीटर आहे. म्हणजे दोन मोठ्या कुंड्या मध्यावर शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत. कडेला, खाली तुळई किंवा खांब असेल तिथे ठेवा आणि जुनी इमारत असेल तर आधी जाणकाराला दाखवा. कुंडी विटांवर उचलून ठेवली की निचरा होतो आणि गळतीचं भांडणही टळतं.

मिश्रणात शेतातली काळी माती नको. ती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून वाटतं भरपूर पाणी दिलं, आत मुळांचा गोळा कोरडाच. मी चार भाग लाल माती किंवा पोयटा (गाळाची माती), तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू असं प्रमाण धरतो. वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. भरल्यावर वरचे दोन इंच रिकामे ठेवा.

उन्हाळ्यात कुंडीची भिंत तापते, हे फार जण विसरतात. नागपूर-अकोल्याच्या 45 अंशांच्या उन्हात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू आतल्या मुळांना भाजते. कुंडीला बाहेरून चुना किंवा पांढरा रंग लावा, मे महिन्यात दुपारपुरती हिरवी जाळी धरा, मातीवर वाळल्या पानांचं दोन इंची आच्छादन घाला.

पाणी

कुंडीसाठी वेळापत्रक नको. बोट दोन इंच मातीत घालून बघा: कोरडं लागलं तर खालून वाहेपर्यंत द्या, ओलं लागलं तर पुढे चला. मे महिन्यात रोज, कधी दोन वेळाही द्यावं लागेल. डिसेंबरात आठवड्यातून दोनदा पुरतं. पावसाळ्यात खालची ताटली काढून टाका.

बोअरच्या जड पाण्यावर ज्यांची बाग आहे त्यांनी जपून राहावं. लिंबूवर्गाला क्षार सोसत नाहीत आणि कुंडीत ते साठत जातात. मातीवर पांढरा थर आणि पानांची टोकं जळलेली दिसली की समजा. महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सोडून कुंडी धुऊन काढा. पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर फारच चांगलं.

जमिनीतल्या झाडाला पहिली दोन वर्षं नियमित पाणी हवं. त्यानंतर हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी भरपूर. जमीन भारी असेल तसं अंतर वाढवा.

खत, आणि ताकाबद्दल थोडंसं

लिंबू आंबट म्हणून झाडाला आंबट ताक ओतायचं, हा उपाय मोठ्या श्रद्धेने सांगितला जातो. फळाच्या आंबटपणाशी त्याचा काही संबंध नाही. कधीमधी पातळ ताक ओतल्याने झाड मरणार नाही, पण तो खताचा पर्याय नव्हे. अंड्याची टरफलं आणि चुना मात्र आमच्याकडच्या बहुतेक मातीत टाळाच. तिच्यात चुनखडी आधीच भरपूर असते आणि आणखी चुना म्हणजे लोह-जस्ताची उपासमार.

कुंडीत थोडं थोडं आणि वारंवार द्यायचं, कारण प्रत्येक पाण्याबरोबर खत वाहून जातं. दर दोन महिन्यांनी दोन-तीन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला दोन ग्रॅम. जमिनीत पूर्ण वाढलेल्या कागदी लिंबाला बागायतदार वर्षाला साधारण 600 ग्रॅम नत्र, 300 ग्रॅम स्फुरद आणि 600 ग्रॅम पालाश देतात. 600 ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे 1.3 किलो युरिया, तोही दोन-तीन हप्त्यांत. अंगणातल्या झाडाला पावसाच्या तोंडावर चार-पाच घमेली शेणखत पडत असेल, तर यापेक्षा कमीत भागतं.

पानं पिवळी पडली की लगेच युरिया टाकू नका. आधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट झाली असतील तर नत्र कमी आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार असतील तर लोह. नवी पानं लहान, अरुंद आणि चट्ट्यापट्ट्याची असतील तर जस्त. शेवटच्या दोन्हींसाठी चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येतील अशा रूपातल्या, सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी कोवळ्या पालवीवर करा. चुनखडीच्या मातीत ती खालून टाकली तर अडकून पडतात.

बहार: कुंडी इथे जिंकते

महाराष्ट्रात लिंबूवर्गाचे तीन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, धरतात: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया, जून-जुलैचा मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. पाणी तोडून झाडाला ताण दिला की वाढ थांबते, काडीत अन्न साठतं आणि पुन्हा पाणी मिळताच फूल निघतं. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, भारी जमिनीत दोन महिनेही लागतात. लिंबाला फुलापासून फळ तयार व्हायला पाच-सहा महिने जातात, म्हणजे भर उन्हाळ्यात लिंबं हवी असतील तर हस्त बहार धरायला हवा. अडचण अशी की त्यासाठी ताण ऑगस्ट-सप्टेंबरात द्यावा लागतो आणि तेव्हा वरून पाऊस पडत असतो. शेतकरी त्यासाठी वाढ रोखणारी औषधं फवारतात.

कुंडीवाल्याला ती गरज नाही. तो कुंडी उचलून छपराखाली नेऊ शकतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला कुंडी पाऊस लागणार नाही, पण ऊन मिळेल अशा जागी हलवा. पाणी कमी करत बंद करा. पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होतात तोवर ठीक. सकाळीही मलूल दिसली की ताण संपवा. कुंडीत ही वेळ आठ-पंधरा दिवसांतच येते. मग पहिलं पाणी थोडं, दोन दिवसांनी बेताचं, नंतर नेहमीसारखं, आणि सोबत खत. फुलं आली की मात्र पाण्यात खंड नको, नाहीतर सगळा बहार गळून पडेल. बरीचशी बारीक फळं तरीही गळतातच, त्याने घाबरू नका. अठरा इंचांखालच्या कुंडीला किंवा दोन वर्षांच्या आतल्या झाडाला ताण देऊ नका.

काय काय त्रास देतं

कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला आणि तो शेजारच्या पानावर सरकलेला सापडला, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने डिवचलं तर डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लहान रोपाची पानं ती दोन दिवसांत साफ करते. घरच्या झाडावर हाताने वेचणं हाच सगळ्यात चांगला उपाय.

पानावर चांदीसारख्या नागमोडी रेषा म्हणजे नागअळी. तिच्या जखमांतून खैऱ्या शिरतो: पानांवर, काड्यांवर, फळांवर खरबरीत तपकिरी फोड. कागदी लिंबाला तो हमखास होतो आणि पावसाच्या पट्ट्यात जास्त. रोगट काड्या कोरड्या दिवसात कापून जाळा आणि नव्या पालवीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम फवारा. मावा, पिठ्या ढेकूण, खवले किडीसाठी निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळच्या वेळी. बुंध्यावर मुंग्यांची रांग दिसली तर वर कुठेतरी यांतलं एक नक्की आहे.

जमिनीतल्या झाडाला पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडावर तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुना विरघळताना गरम होतो, हात घालू नका. दोन्ही थंड झाल्यावर एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. लोखंडी खिळा बुडवून बघा: त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरा.

छाटणी फार नको. वाळलेल्या काड्या, म्हणजे सल, फळं उतरल्यावर काढा. सरळसोट वर जाणारे पाणसोट आणि सांध्याखालचे फुटवे दिसताक्षणी मोडा. कलमाला काही वर्षांनी एकाएकी जाड सालीची, खरबरीत, भलतीच फळं लागली तर समजा की खुंटाने वरचं कलम गिळलं.

कुंडी बदलणं, किंवा कुंडीतून जमिनीत

दर दोन-तीन वर्षांनी कुंडीतलं झाड बाहेर काढावंच लागतं. पाणी वर साचून राहायला लागलं, खालच्या भोकातून मुळं दिसली किंवा पानं दर वर्षी लहान होत चालली की वेळ झाली. जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, आदल्या दिवशी पाणी देऊन कुंडी आडवी करा आणि गोळा सरकवून काढा. गोल फिरलेल्या मुळांचा बाहेरचा दोन इंचांचा थर धारदार चाकूने कापा, तळाचाही. मुळं जेवढी कापली त्या मानाने फांद्याही हलक्या करा. नवं मिश्रण भरून आठ दिवस सावलीत ठेवा.

जमीन मिळाली तर हेच झाड जमिनीत जाऊ शकतं. फक्त गोळ्याच्या बाजूंना चार ठिकाणी उभे छेद द्या, नाहीतर मुळं खड्ड्यातही कुंडीच्याच आकारात फिरत राहतात. वेटोळं मोकळं न करता लावलेली झाडं चार-पाच वर्षांनी वाऱ्यात बुंध्यातून डुलताना दिसतात. लावल्यावर पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडा, पाणी कुंडीइतकंच नेमाने द्या आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ते हळूहळू लांबवत न्या.